विकत घेतलेले एकतीस दिवस

ज्या गावाबद्दल मी साडेचार पानं लिहिली, ते गाव मी पाहिलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी इतरांवर तोंडसुख घ्यायला लागले की वाचणाऱ्याला मध्येच 'आणि बाई, तुम्ही?' असं विचारावं लागणार नाही.

तेहतीस वर्षं मी एका बँकेच्या परकीय चलन विभागात काढली. आखातात विटा वाहणारा माणूस घरी पैसे पाठवतो तेव्हा वाटेत किती जणांचे हात ओले होतात, ते मी रोज पाहत होते. एखाद्या देशावर बड्यांची खप्पामर्जी झाली की त्या देशाच्या औषधांचे पैसेसुद्धा कसे अडकून पडतात, तेही पाहिलं. त्यामुळे निवृत्तीनंतर 'दुसरा रस्ता' म्हणून जे काही दिसेल त्यावर मी लिहीत सुटले. देशांनी डॉलर बाजूला ठेवून आपापल्या चलनात केलेले व्यवहार, बँकेविना चालणारी फोनवरची नाणी, गावापुरती चालणारी चलनं. कुणीही 'पर्याय' म्हटलं की माझी कळी खुलायची.

त्यातूनच एका कंपनीच्या सल्लागार मंडळावर माझं नाव लागलं. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या एका गावात बायका एकमेकींच्या शेतात बिनपैशानं राबतात, आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. कंपनीनं हे दिवस फोनवर आणले. एक दिवस म्हणजे एक टोकन. मी पुण्यात बसून त्यांच्या पुस्तिकेला प्रस्तावना लिहिली. वर माझा हसरा फोटोही आहे. आता ती पानं काढून टाका म्हणून मी कळवलं, तर उत्तर आलं की पुस्तिका छापून झाली आहे आणि लोकांना फार आवडली आहे.

डिसेंबरात नागपूरला त्यांची परिषद होती, त्यात मी बोलायचं होतं. मी म्हटलं, चार दिवस आधी निघते आणि गाव पाहून येते. कंपनीतला निखिल नावाचा गोड बोलणारा माणूस म्हणाला, "गरज नाही मॅडम, व्हिडिओ पाठवतो ना." मी तरीही निघाले. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेली शहाणपणाची गोष्ट तेवढी एकच.

नालवाडी

वर्ध्याला मी कुंदाकडे उतरले. कुंदा माझी बँकेतली मैत्रीण. मुंबईत आम्ही अकरा वर्षं शेजारच्या टेबलांवर होतो. निवृत्त झाल्यावर तिनं नालवाडीत घर बांधलं, दारात बोधिवृक्षाचं रोप लावलं आणि मुंबईचं नाव टाकलं. तिच्या आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली. घरातली बँकेत साहेब झालेली ती पहिली, आणि तिथं कुणाच्या बापाला न घाबरणारी बहुधा एकमेव. माझ्याशी ती एरवी माझ्यासारखंच बोलते, पण चिडली की वऱ्हाडीवर येते.

रात्री पातोडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या आणि वर लालभडक तर्री. आमच्याकडे आमटीत गूळ असतो हे कुंदाला अकरा वर्षं खुपलं होतं, त्याचा तिनं त्या दिवशी पुरता सूड घेतला. मी नाक पुसत जेवत होते आणि ती शेजारणीला दारातून सांगत होती, "माही मैत्रीन आली पुन्याची. रडून राह्यली, पन खाऊन राह्यली!"

जेवण झाल्यावर मी मोठ्या कौतुकानं तिला पुस्तिका दाखवली. तिनं माझी साडेचार पानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "यातल्या एका तरी बाईशी तू बोललीस?"

"निखिलनं मुलाखती पाठवल्या होत्या."

"म्हणजे नाही." तिनं पुस्तिका मिटून टेबलावर उलटी ठेवली. "तिथली वंदना माझ्या मावसबहिणीची नणंद आहे. गटाची प्रमुख. सकाळी मीही येते."

तळेगाव, पण कोणतं?

सकाळी एसटी स्थानकावर कुंदा संत्री घ्यायला थांबली आणि मी पुढे होऊन जागा धरली. वाहकानं विचारलं, "तळेगाव कोनतं? टालाटुले का श्यामजी पंत?" पुण्याच्या माणसाला तळेगाव म्हणजे एकच. मी मान हलवून ठासून म्हटलं, "तळेगावच." त्यानं खांदे उडवले. कुंदा धावतपळत चढली, बसली, संत्रं सोलायला लागली आणि अर्ध्या तासानं खिडकीबाहेर पाहून किंचाळली. आम्ही भलत्याच दिशेला चाललो होतो. उन्हात रस्त्याच्या कडेला उतरून परतीच्या गाडीची वाट पाहताना ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. संत्री मात्र एकटीनं संपवली.

श्यामजी पंतांच्या तळेगावात पोचायला दुपार झाली. बाजाराचा दिवस होता. हिरव्या तुरीच्या शेंगांचे ढीग, गावरान वांगी, मिरच्या, आणि एका कोपऱ्यात कंपनीची पाटी लावलेलं दुकान. पाटीवर हसणारी शेतकरीण होती आणि खाली लिहिलं होतं, 'तुमचा दिवस, तुमचं चलन'. ते वाक्य माझं होतं. ते असं ऊनपावसात टांगलेलं पाहून, खरं सांगते, मला तेव्हा अभिमानच वाटला. दुकानात ताडपत्र्या, कुकर, फवारणीचे पंप होते. टोकन द्या आणि वस्तू न्या. दुकानदार म्हणाला, "चांगली चाल्ते जी स्कीम. मी टोकन कंपनीले देतो, कंपनी मले पैसे देते."

"आणि कंपनी त्या टोकनांचं काय करते?" कुंदानं विचारलं.

"ते मले काय मालूम?" तो म्हणाला.

मलाही माहीत नव्हतं. सल्लागार मंडळावर असून मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

उसने दिवस

गावाचं नाव मी लिहीत नाही, एकदा लिहून पुरे झालं. तळेगावहून ऑटोनं आत जायचं. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, मध्ये तुरीच्या ओळी, क्षितिजाशी जंगलाची काळी रेघ. आभाळ भरून आलेलं पाहून ऑटोवाला स्वतःशीच म्हणाला, "आता नोको येऊ रे बाप्पा." कापूस फुटलेला असताना पाऊस आला तर तो झाडावरच काळवंडतो, मग त्याला कुणी विचारत नाही.

वंदनाबाईंनी अंगणात बाज टाकून आम्हाला बसवलं. चाळिशी उलटलेली, सडसडीत, बोलणं मोजकं. पुढ्यात मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात आली. शेंग दातांत धरून ओढायची, दाणे तोंडात आणि साल बाहेर. मला जमेना. मी एकेक शेंग नखानं सोलत बसले, तोवर कुंदाच्या पुढ्यात सालांचा डोंगर झाला.

मी म्हटलं, "तुमच्या पद्धतीबद्दल सगळं ऐकायचंय."

"त्याच्यात काय आयकाचं?" त्या म्हणाल्या. "उसने दिवस. तुमी साखर उसनी नेता का नाई? तसा दिवस उसना. आज मी रेवताच्या वावरात जातो, ते माहा एक दिवस लागते." इथल्या बायकाही 'मी जातो'च म्हणतात, दोन दिवसांनी माझ्या कानांना त्याची सवय झाली.

गटात चौदा जणी. अर्ध्याअधिक बौद्ध, बाकीच्या गोंड घरांतल्या. वही नाही, चिठ्ठी नाही. दर आठवड्याला विहारासमोरच्या पायऱ्यांवर बसायचं आणि प्रत्येकीनं सगळ्यांदेखत म्हणायचं, मी अमकीचे इतके दिवस लागतो, म्हणजे तितकं तिचं देणं आहे. बस. घरात मयत झाली, बाळंतपण निघालं, कुणी अंथरुणाला खिळलं, तर जिचे दिवस येणे असतील ती चारचौघींत म्हणते, 'सोडले.' मग ते दिवस गेले, पुन्हा कुणी नाव काढायचं नाही. इतक्या वर्षांत एकीनंही कुणाचा दिवस बुडवला नाही. 'दिवसबुडवी' ही तिथली सगळ्यात वाईट शिवी, नवरा टाकून गेला तरी चालेल पण हे नको.

मी भारावून ऐकत होते. 'आणि आता फोनमुळे सोपं झालं असेल,' असं म्हणणार होते, तेवढ्यात फाटकातून एक बाई आली. उजवा हात गळ्यात बांधलेला, कोपरापर्यंत प्लास्टर. या रेवताबाई. गोंड घरातल्या, पन्नाशीच्या. त्या माझ्याकडे पाहून थबकल्या आणि वंदनाबाईंना म्हणाल्या, "हे तं दुकानातल्या फोटोतली बाई." माझा हसरा फोटो त्या दुकानात आत लावलेला होता, तो मी पाहिला नव्हता.

मग जे कळलं ते असं. पावसाळ्यात रेवताबाई बारा जणींच्या शेतात निंदायला गेल्या होत्या, प्रत्येकीकडे एकेक दिवस. म्हणजे कापूस वेचायला त्यांचे बारा दिवस येणे होते. फोनवर त्यांची बारा टोकनं झाली. घर गळत होतं, म्हणून त्यांनी दुकानात टोकनं देऊन ताडपत्री आणली. आणखी तिघींनीही काहीबाही आणलं. सगळी मिळून एकतीस टोकनं गेली. त्यांना वाटलं, कंपनी आपल्या कामाची शाबासकी देते आहे.

"काम तं करून झालंतं ना जी," रेवताबाई म्हणाल्या. "मंग ते टोकन म्हंजे एसटीचं तिकीट. गाव आल्यावर तिकीट कोनी नेलं तं आपलं काय जाते?"

अडाणीपणा नव्हे हा. ज्यांच्या जगात माझा दिवस माझ्याखेरीज कुणाचा होऊच शकत नाही, त्यांना दुसरं काय सुचणार? पण गेलं होतं ते तिकीट नव्हतं, तो दिवसच होता. कंपनीनं ती एकतीस टोकनं आपल्या बाजारात विकायला काढली आणि हिंगणघाटकडच्या एका मोठ्या शेतमालकानं घेतली. वेचणीला मजूर मिळत नाहीत, त्याला स्वस्त पडलं. आता त्याची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. रेवताबाईंच्या शेतात जायच्या त्या बारा जणी तीन दिवस मुक्कामाला तिकडे जाणार. आणि रेवताबाईंचं दीड एकर पांढरंफटक फुटलेलं, एक हात गळ्यात आणि वर आभाळ भरलेलं.

"नाही गेलात तर?" मी विचारलं.

"दिवस लागते म्हनल्यावर द्याच लागते," वंदनाबाई म्हणाल्या. "आमी कोनाचा बुडवला नाई."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि संताप आला तो असा की मी शेंगांची परात बाजूला सारली. कंपनीकडे विकायला होतं काय? या बायकांचं इमान. बँका ज्यासाठी घरं गहाण ठेवून घेतात ती शाश्वती इथं फुकट सापडली होती, आणि ती उचलून बाजारात नेली होती. वर त्याला नाव दिलं, पर्याय!

गाडी आली

सकाळी वंदनाबाईंनी चून-भाकर केली होती, म्हणजे आपला झुणका. खाता खाताच मी निखिलला फोन लावला. आवाज चढलेलाच होता.

"मॅडम, तुमची भावना समजते," तो म्हणाला, "पण झालेला व्यवहार उलटा फिरवता येत नाही. हीच तर खासियत आहे. मधला कुठलाही माणूस त्यात ढवळाढवळ करू शकत नाही."

"त्या बाईचा हात मोडलाय. त्यांच्यात अशा वेळी दिवस सोडतात."

"'सोडणे' असा पर्याय सिस्टीममध्ये नाही मॅडम. वापरा किंवा विका." मग अगदी आदरानं, "तुम्हीच लिहिलंय ना, की माणसाच्या मर्जीवर न चालणारं चलन हेच खरं स्वातंत्र्य?"

लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर. मी फोन कापला.

दहाच्या सुमारास गाडी आली. सोबत शेतमालकाचा व्यवस्थापक होता, पोट सुटलेला, घामाघूम, स्वभावानं वाईट नसावा. त्यानं सगळ्यांना हात जोडले. बायका पिशव्या बांधून पायऱ्यांवर बसल्या होत्या. एकीचं दूधपितं मूल होतं, ते तीन दिवस सासूपाशी ठेवायचं की न्यायचं यावर वाद चालला होता. रेवताबाई बाजूला उभ्या होत्या. त्या नुसत्या आभाळाकडे आणि शेताच्या वाटेकडे पाहत होत्या.

मी व्यवस्थापकावर तुटून पडले. लाज वाटत नाही का, वगैरे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"आमचा बी कापूस फुटून पडला हाय, मॅडम," तो म्हणाला. "शेटनं दिवस इकत घेतले. रोख पैसे मोजून. दुकानातून मीठ आनलं तं आपून मिठाले इचारतो काय, येतं का म्हनून?"

पायऱ्यांवरच्या बायकांनी हे ऐकलं. कुंदा उसळली. "मीठ? बाया मीठ हाये काय रे? तुह्या घरी माय हाय का नाई?" तो बिचारा दोन पावलं मागे सरला.

आणि मग मला ती कल्पना सुचली, आणि मी खुळी हरखून गेले. व्यवस्थापकाला बाजूला घेतलं, त्याच्या शेठला फोन लावायला लावला. शेठनं मनाला येईल तो भाव सांगितला, घेतला होता त्याच्या दुप्पट. मी घासाघीस केली नाही. कंपनीचं ॲप उघडलं, बोट टेकवलं. चार मिनिटांत माझं अर्ध्या महिन्याचं पेन्शन गेलं आणि एकतीस टोकनं माझ्या नावावर जमा झाली. त्या पैशांत मजूर आणतो म्हणून व्यवस्थापक रिकामी गाडी घेऊन आनंदानं गेला.

मी पायऱ्यांकडे वळले आणि म्हटलं, "आता कुणी कुठे जायचं नाही. सगळे दिवस मी विकत घेतले."

मला वाटलं होतं, आनंदीआनंद होईल. रेवताबाई तरी माझा हात धरतील. त्याऐवजी वंदनाबाईंनी विचारलं, "म्हंजे आता आमी तुमचे दिवस लागतो?"

"नाही हो, तसं नाही. म्हणजे फोनवर तसं दिसेल, पण मी ते सोडले. सगळे सोडले!"

"तुमी कसे सोडान?" त्यांच्या आवाजात चीड नव्हती, आणि तेच जास्त लागलं. "तुमी आमच्यातल्या कोनाच्या वावरात कवा आलता? एक बी तास निंदलं? खुरपं धरलं? मंग आमचे दिवस तुमच्यापाशी गेले कसे? ज्यानं केला त्यानंच सोडावा. त्या मोटारवाल्याचे बी ते नोयते अन् तुमचे बी नाई."

मी कुंदाकडे पाहिलं. ती तरी माझी बाजू घेईल, निदान माझा हेतू चांगला होता असं म्हणेल. ती म्हणाली, "तू बी तेच केलं, सुधा."

मला अपमान वाटला, मग राग आला आणि मग राग धरायला कुणी उरलंच नाही. तेहतीस वर्षं माझ्या टेबलावरून जे गेलं ते काय होतं? कुणाकुणाचे दिवसच. आखातातल्या विटांचे, बागांतल्या चहाच्या पानांचे, गिरणीतल्या पाळ्यांचे. ते विकत घेणारे आणि विकणारे आम्ही कुणीच त्या शेतात कधी गेलो नव्हतो. जुन्या व्यवस्थेत हे होतं म्हणून मी नव्या व्यवस्थेच्या आरत्या गायल्या, आणि नवी आली ती हेच काम करायला, फक्त चार मिनिटांत. बँकेत निदान खिडकीपाशी एक माणूस बसलेला असायचा, त्याच्या अंगावर ओरडता तरी यायचं!

"मंग झालं," वंदनाबाई उठल्या आणि पदर खोचला. "रेवताचे दिवस रेवताचेच हायेत. ते कुठी गेलेच नोयते. चला, आता आर्धा दिवस गेला, उद्या सूर्य निंगायच्या आंदी वावरात."

एक बाई म्हणाली, "अन् फोनमंदी लाल निशान आलं तं?"

"येऊ दे. फोनले काय समजते, कोन बुडवी हाय अन् कोन नाई."

इतक्या सोप्या शब्दांत त्यांनी माझी साडेचार पानं निकालात काढली. जाताना, दुकानात टोकनं दिलेल्या त्या चौघी आपापले फोन वंदनाबाईंच्या ओसरीवर ठेवून गेल्या, कंपनीचा फोन आला तर उचलावा लागू नये म्हणून.

दीड एकर

रात्रभर पाऊस आला नाही. सकाळी दंव होतं. बारा जणी शेतात उतरल्या. तेरावी बाळंतपणाला माहेरी गेली होती. मी वंदनाबाईंना विचारलं, "मी येऊ?" त्या म्हणाल्या, "येजा. ओढनी कमरेले बांधा, झोयीवानी."

वेचणी लांबून सोपी दिसते. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या सुईसारख्या असतात, आणि कापूस ओढताना पाचोळा चिकटून आला तर माल खराब. पहिल्या तासात माझ्या बोटांतून रक्त आलं, दुसऱ्यात कंबर गेली. एका ओळीत बायका दोन्ही हातांनी सपासप पुढे जात होत्या, गप्पा मारत, मध्येच गोंडीत काहीतरी बोलून हसत. ते माझ्याबद्दल असावं. मी एकेक बोंड खुडत मागे, आणि माझ्याही मागे रेवताबाई. त्या डाव्या हातानं मी सोडलेला कापूस वेचत येत होत्या. कुंदा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून सगळ्यांना पाणी देत होती आणि मोठ्यानं सांगत होती, "अकरा वर्षं बाजूले बसलो, पन हिले काम करतानी पयल्यांदा पायतो!"

दुपारी झाडाखाली ठेचा-भाकर खाल्ली. नंतर वारा सुटला, ढग खाली आले, तशा बायका गप्प झाल्या. हात आणखी भरभर चालायला लागले. चारच्या सुमारास शेवटची ओळ संपली. शेवटचं गाठोडं रेवताबाईंच्या घरात, त्या ताडपत्रीखाली सरकवलं आणि थेंब पडायला लागले. वंदनाबाई दारात उभ्या राहून पावसाला म्हणाल्या, "आता ये लेका, किती येतं ते."

पाऊस होता म्हणून बैठक विहाराच्या पायऱ्यांऐवजी आत बसली. मी आणि कुंदा भिंतीला टेकून बसलो. फोनवर माझ्या नावावर अजूनही एकतीस दिवस दिसत होते आणि खाली हिरव्या बाणानं कळवलं होतं की त्यांचा भाव वाढला आहे. मी तो बंद करून पिशवीच्या तळाला टाकला.

एकेकीनं म्हटलं. मी रेवताचा एक दिवस लागतो तो आज फिटला. मी वंदनाचे दोन लागतो. मी यमुनाचा एक लागतो. कुणी घाई करत नव्हतं, कुणी लिहून घेत नव्हतं, आणि प्रत्येक जण दुसरीचं ऐकत होती. सगळ्यांचं झालं. मग रेवताबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचे बाराच्या बारा दिवस फिटले होते, आता त्यांना कुणाचं काही येणं नव्हतं. त्यांनी गळ्यातला हात सावरला आणि माझ्याकडे बोट केलं.

"मी पुन्याच्या बाईचा एक दिवस लागतो."

मला एकदम गहिवरून आलं. मी दोन्ही हात हलवत उठले. "अहो नाही, नाही. सोडला! सोडला!"

रेवताबाईंचा चेहरा कठीण झाला. इतका राग त्यांना व्यवस्थापकाचाही आला नव्हता.

"काऊन सोडता? माह्या घरी कोनी मेलं काय? बायतीन हाय काय मी?" त्या म्हणाल्या. "हा हात बरा होईन. मंग मी येतो पुन्याले. वावर नसन तुमचं, पन घर तं असन. एका दिवसाचं काम काहाडून ठेवजा."

कुंदानं माझा हात ओढून मला खाली बसवलं. नागपूरच्या परिषदेला मी गेले नाही.

परत येऊन आता महिना होत आला. परवा कुंदाचा फोन आला, प्लास्टर निघालं आहे आणि रेवताबाई पुण्याच्या गाडीचं विचारत आहेत. मी घरातून फिरते आहे. धुण्याला यंत्र आहे, भांड्यांना बाई आहे, बाग म्हणजे सहा कुंड्या. कपाटं उघडते, गच्चीवर जाऊन येते. तिच्या एका दिवसाच्या तोडीचं काम माझ्या घरात कुठलं आहे, ते मला अजून सापडलेलं नाही.